सापडलेल्या माणसांना विचारलं होतं का

९ जानेवारी

भिंगरी,

खुशाली विचारत नाही. तू खुशाल आहेस हे दर गुरुवारी टीव्हीवर दिसतं.

वर्षातून एकदा 'जिवंत आहे' एवढं कळवायचं आणि गप्प बसायचं, हा आपला रिवाज आज मोडतो आहे. गेल्या महिन्यात तुझ्या 'दार उघडं आहे'मध्ये तू एक बाई शोधून काढलीस. नवरा तिचा फोटो छातीशी धरून रडला, कोणीतरी फोन केला, आणि पुढच्याच आठवड्यात तुझी गाडी, तुझा कॅमेरा आणि तो नवरा एका लॉन्ड्रीच्या दारात हजर झाले. ती बाई ओल्या हातांनी बाहेर आली, रडली. मागे बासरी वाजली. स्टुडिओतल्या लोकांनी टाळ्या पिटल्या.

ती लॉन्ड्री म्हणजे मी जिथे काम करतो ती. हॉटेलांच्या चादरी धुतो आम्ही. हे लिहून मी माझा ठावठिकाणा तुझ्या हातात देतो आहे, ते मला कळतं. त्याचं काय करायचं ते कर.

तिला आम्ही बडबडी म्हणायचो, कारण दिवसभरात चार शब्द बोलायची नाही. खरं नाव तिने कधी सांगितलं नाही, ते आम्हाला तुझ्या कार्यक्रमातल्या खालच्या पट्टीवर वाचायला मिळालं. रस्त्यात कोणी मोठ्याने हाक मारली तरी दचकायची. कामगारांचा एकत्र फोटो काढायचा म्हटलं की हिला मागच्या अंगणात काहीतरी वाळत घालायचं असायचं. अशी बाई घर विसरलेली नसते, घरातून निसटलेली असते. इतकी माणसं शोधलीस, एवढं तुला कळायला नको? फोन आमच्या मालकाने केला. त्याला टीव्हीवर यायचं होतं. आला. भांग पाडून आला.

तिला नेलं त्या दिवशी माझी सुट्टी होती. नाहीतर गाठ माझ्याशी होती.

परवा लॉन्ड्रीच्या फोनवर तिचा फोन आला. मी उचलला. ती म्हणाली, "टीव्हीवाल्यांना सांगा, मला परत हरवायचं आहे." आणि फोन ठेवला गेला. तिने नाही ठेवला. दुसऱ्या कोणीतरी ठेवला.

तू शोधलंस, आता तूच सोडव. पोस्ट बॉक्सचा नंबर तोच आहे. फोन नंबर देणार नाही. नंबरावरून तुझी माणसं घर कसं गाठतात ते मी तुझ्याच कार्यक्रमात बघितलंय.

दादा


१७ जानेवारी

दादा,

तुझं पत्र ऑफिसात सगळ्यांसमोर उघडलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन पुन्हा वाचलं, कारण माझं तोंड कसं झालं होतं ते मला कोणाला दाखवायचं नव्हतं.

सोडव म्हणे. माझ्यावर डाफरण्याचा हक्क तुला कोणी दिला? तू गेलास तेव्हा मी नववीत होते. त्यानंतर दर सोमवारी आई तुझा फोटो घेऊन पोलीस चौकीत जायची आणि शाळा बुडवून मी तिच्याबरोबर. तिथला हवालदार तोच तो फोटो उलटासुलटा बघायचा आणि म्हणायचा, "मोठा मुलगा आहे बाई, भूक लागली की येईल." तुला भूक लागलेली दिसत नाही.

मी टीव्हीत कशी आले हे तुला माहीत तरी आहे का? पहिली दोन वर्षं मी केबल गुंडाळल्या आणि दिवे उचलले. मग निवेदकांसाठी पुठ्ठ्यांवर मोठ्या अक्षरांत वाक्यं लिहिली. मग सकाळचा आरोग्याचा कार्यक्रम माझ्या गळ्यात मारला, ज्यात एकच डॉक्टर सबंध वर्ष गुडघ्यांवर बोलत होता. मी दिग्दर्शिका झाले तरी कॅमेऱ्यावरचे बापे माझी सूचना ऐकून घ्यायचे आणि माझ्या हाताखालच्या मुलाला विचारायचे, "बाईंना काय हवंय?" 'दार उघडं आहे' मला कोणी ताटात वाढून दिलं नाही. आणि कल्पना माझी नव्हती, आईची होती. तुझा फोटो एकदा सगळ्या लोकांना दिसावा, एवढंच तिला हवं होतं. पहिल्याच भागात तो दाखवायचा ठरलं होतं.

आणि भाग जायच्या आधी, जाहिरातीत माझं नाव वाचून, तुझं पत्र आलं. जिवंत आहे, शोधू नकोस, आईला सांगू नकोस, सांगितलंस तर इथूनही निघून जाईन. मी तुझा फोटो काढून टाकला. वकिलांनी नको म्हटलं असं आईला सांगितलं. दर गुरुवारी ती माझ्या शेजारी बसून कार्यक्रम बघते आणि संपल्यावर म्हणते, "सगळ्यांची शोधतेस." दुसरं काही म्हणत नाही. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली, त्या दिवशीही तिने दाराकडे किती वेळा बघितलं ते मी बघत होते, आणि तू कुठल्या गावात आहेस हे मला माहीत होतं. हे मी तुझ्यासाठी गिळलंय, आणि तू मला लोकांची घरं मोडणारी ठरवतोस.

त्या बाईचा नवरा रंगांचं दुकान चालवतो. साधा माणूस. तो रडला तेव्हा माझा कॅमेरामन नाक पुसत होता, आणि त्याला मी स्वतःच्या बापाच्या शोकसभेत जांभया देताना बघितलंय. ती बाई कागदावर सही करून गाडीत बसली. मी तिथे होते. त्या वाफेत, त्या चादरींमध्ये, तासभर. नेमकी त्याच दिवशी तुझी सुट्टी असावी हे बरं जमलं.

लांब बसून मला शहाणपण शिकवू नकोस.

धाकटी


२९ जानेवारी

भिंगरी,

मोठी चादर एकट्याला घडी करता येत नाही. दोघं लागतात. चार टोकं वर धरायची, झटकायची, मग एकमेकांकडे चालत यायचं. बडबडी आली तेव्हा मालकाने तिला माझ्या समोर उभं केलं. तिचा डावा हात खांद्याच्या वर जायचा नाही. मी काही न बोलता माझं टोक खाली घेतलं. तिने माझ्याकडे बघितलं. दोन वर्षं आम्ही चादरी खालूनच झटकल्या. असा हात पडून होत नाही. माझाही उजवा वर जात नाही. तुला माहीत नसेल, कारण मी तो तुझ्यासमोर कधी वर केला नाही.

सहीचं म्हणतेस. समोर नवरा, शेजारी मालक, वर कॅमेरा आणि दारात सगळी गल्ली गोळा झालेली. अशा वेळी तू माझ्यापुढे कागद धरला असतास तर मीही सही केली असती.

आईबद्दल मी काही लिहिणार नाही.

तुमच्याकडे दाखवता त्याच्या कितीतरी पट चित्रण पडून असतं असं ऐकतो. ते बघ. आवाज बंद न करता बघ. मग मला हव्या तेवढ्या शिव्या दे.

दादा


१२ फेब्रुवारी

दादा,

बघितलं.

आधी आठ दिवस बघितलं नाही. तुला खोटं पाडायला म्हणून बघायचं, तर ते कधीही बघता येईल, असं स्वतःला सांगत राहिले. मग एका दुपारी एडिटिंगच्या खोलीला आतून कडी घातली.

भेटीचा प्रसंग आम्ही तीनदा घेतला होता. पहिल्यांदा ती दारात आली आणि त्याला बघून मागे सरली. कार्यक्रमात ते नाही. मीच संकलकाला म्हटलं होतं, संकोचतेय, काढ ते. दुसऱ्यांदा तिने खाली बघितलं. तिसऱ्यांदा ती रडली, ते आम्ही ठेवलं. आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये, दिवे हलवत असताना, दोघांच्या कॉलरचे माइक चालूच होते. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत, हसत हसत म्हणतो, "लोकांसमोर तमाशा नको. घरी चल, मग बोलू तुझ्याशी." वाक्य म्हणून बघितलं तर त्यात काही नाही. पण ते ऐकल्यावर तिचा श्वास बंद होतो, दादा. माइकवर ऐकू येतं. श्वास चालू असतो आणि मग नसतो. मग मी लांबून ओरडते, "छान, आता एकदा मनापासून."

तो माझा आवाज आहे. मी तो शंभरदा ऐकला आहे आणि मला तो आवडतो असंच आजवर वाटत होतं.

तुझ्यावरचा राग कमी झालेला नाही. उलट वाढला आहे, कारण आता तू बरोबरही आहेस.

आमच्या साहेबांकडे गेले. हा माणूस वाहिनीचा कार्यक्रमप्रमुख आहे आणि बोलताना स्वतःच्या घड्याळाशी बोलतो. त्यांना सांगितलं, यापुढे सापडलेल्या माणसाला आधी एकटं गाठायचं, कॅमेरा नाही, नातेवाईक नाहीत, आणि विचारायचं की घरी जायचं आहे का. ते म्हणाले, "मग कार्यक्रमात उरलं काय? विचारायला लागलो तर निम्मे नाही म्हणतील." मी म्हटलं, "म्हणजे निम्म्यांना आपण धरून आणलं." त्यावर ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

वर म्हणाले, रंगवाल्याचा भाग या वर्षी सगळ्यात जास्त पाहिला गेला. वर्धापनदिनासाठी त्याच जोडप्याकडे परत जा. सुखी संसार, स्वयंपाकघर, खिडकीत दोघं. मी तोंड उघडून नाही म्हणणार होते. उघडलं आणि "जाते" म्हटलं.

तू एवढंच कर. ती बाहेर पडली तर ठेवायची कुठे ते बघ. तुझा मालक नको. बाकी माझं मी बघते.

धाकटी


२१ फेब्रुवारी

भिंगरी,

आम्ही नोकरी करणाऱ्या बायकांच्या एका वसतिगृहाच्या चादरी धुतो. तिथल्या वॉर्डनबाई पुरुषांना फाटकाच्या आत घेत नाहीत, मलाही गठ्ठा बाहेरच ठेवायला लावतात. त्यांना सगळं सांगितलं. म्हणाल्या, "तिला आणा, कारणं मला सांगत बसू नका." पत्ता सोबतच्या कागदावर आहे.

तू कॅमेरा घेऊन जाणार आहेस हे मला पसंत नाही. तो बघितल्यावर तुम्हा लोकांच्या अंगात काय येतं कोण जाणे. घरी ठेव आणि माणसासारखी जा.

दादा


११ मार्च

दादा,

कॅमेरा घरी ठेवून गेले असते तर त्या माणसाने मला दारात उभं केलं नसतं. कॅमेऱ्यामुळेच आत गेले आणि कॅमेऱ्यामुळेच ती बाहेर आली. तुला पसंत नसेल तर नसू दे.

आधी तुला सगळं नीट सांगते. मग तुझ्याशी भांडते.

आम्ही चौघं होतो. मी, कॅमेरामन, आवाजवाला आणि माझी साहाय्यक. ही साहाय्यक जेमतेम सव्वापाच फूट आहे आणि तिला मी फक्त सांगितलं होतं की आज मी जे म्हणेन ते कर, का विचारू नकोस. रंगवाल्याने घराला नवा रंग काढला होता. खिडकीला नवी जाळी होती, आतून कुलूप घालायची सोय असलेली. त्याने ती मला कौतुकाने दाखवली. म्हणाला, "सुरक्षेसाठी." बायको स्वयंपाकघरात. मी तिला काही विचारलं की उत्तर तो द्यायचा. "तब्येत कशी आहे?" "मस्त आहे तिची." "काम आठवतं का लॉन्ड्रीतलं?" "विसरली ती सगळं."

मी म्हटलं, बाईंच्या कपड्याच्या आतून माइक लावायचाय, पुरुषांनी बाहेर थांबा. तो नाखुशीने उंबऱ्यापर्यंत गेला. दार लोटलं. मी तिच्या कॉलरशी हात घालून हळूच विचारलं, "तुम्हाला जायचं आहे का? नको असेल तर मी चित्रण करून निघून जाईन, परत तोंड दाखवणार नाही."

तिने माझ्याकडे बघितलं, दादा. तू तिच्याबद्दल लिहिलंस ते बघणं मला तेव्हा कळलं. मग तिने विचारलं, "त्यांना बाहेर किती वेळ ठेवाल?"

मी म्हटलं, "तुम्हाला लागेल तेवढा."

बाहेर येऊन मी त्याला सांगितलं, भागाची सुरुवात तुमच्यापासून. कष्ट करून थकलेला नवरा कोपऱ्यावरून घराकडे येतो, हातात पिशवी, घर दिसताच चेहरा उजळतो. तो लगेच आरशात बघायला गेला. पहिल्यांदा चालला ते बरं होतं. मी म्हटलं, घाईत वाटलात. दुसऱ्यांदा म्हटलं, पिशवी जड वाटत नाही. तेव्हा त्याने स्वतःहून पिशवीत रंगाचे दोन डबे घातले. तिसऱ्यांदा म्हटलं, चेहरा उशिरा उजळला. कॅमेरामन माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बाई, कितीदा चालवणार त्याला?" मी म्हटलं, "जमेपर्यंत." त्याने एकदा घराच्या दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. इतकी वर्षं हा माणूस माझ्याबरोबर काम करतो, त्याला डोळ्यांतलं वाचायला वेळ लागत नाही. तो ओरडला, "साहेब, उन्हाची तिरीप गेली, परत कोपऱ्यावर जा."

गल्ली गोळा झालीच होती. एक म्हातारे गृहस्थ रंगवाल्याला कसं चालावं ते दाखवू लागले, त्यावरून दोघांची जुंपली. आणि तेवढ्यात माझी साहाय्यक घरातून बाहेर आली. तिच्याबरोबर आणखी एक बाई, आमच्या युनिटचं जाकीट, टोपी डोळ्यांपर्यंत, कानांवर हेडफोन. दोघींच्या मध्ये उजेड परतवायचा तो मोठा चंदेरी फलक, दोन्हीकडून धरलेला. मागचं दार कुलपात होतं, दुसरा रस्ताच नव्हता. त्याच्या समोरून जायला लागणार होतं.

तो कोपऱ्यावरून निघाला होता. त्या दोघी फलक घेऊन त्याच्याकडे चालत आल्या. तो थांबला आणि स्वतःच्या बायकोला म्हणाला, "ए, बाजूला हो ना, माझ्या आड येतेस."

ती बाजूला झाली.

गाडीचं दार लागल्याचा आवाज आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "छान. आता एकदा मनापासून." तो आणखी एकदा चालला. खरं सांगते, तेवढं एकच त्याला जमलं होतं.

गाडी आधी पोलीस चौकीत नेली. ती तिथे उभी राहून म्हणाली की मी सज्ञान आहे, माझ्या मर्जीने जातेय, मला कोणी शोधू नये. ठाणेदार मला ओळखत होता, कार्यक्रम बघतो. गोंधळून म्हणाला, "पण तुम्हीच तर शोधलं होतं ना यांना?" मी म्हटलं, "हो. म्हणून मीच घेऊन आले."

आता तुझ्याकडे वळते.

तुझ्या गावापर्यंत पाच-सहा तासांचा रस्ता होता. शेवटच्या तासात ती बोलायला लागली. मी सांगितलं नव्हतं की तू माझा कोण. ती म्हणाली, "लॉन्ड्रीत चादरीचं दुसरं टोक धरणारा एक जण होता, तो माझ्यासाठी बोलला असता. तुमचा कॅमेरा आला तेव्हा मी त्यालाच शोधत होते. तो बॉयलरच्या खोलीत शिरला आणि त्याने दार ओढून घेतलं. फटीतून त्याचे बूट दिसत होते."

सुट्टी होती म्हणे. गाठ माझ्याशी होती म्हणे.

मी त्या खोलीसमोर उभी राहून पाणी प्यायले होते, दादा. तू दाराच्या फटीतून तुझ्या सख्ख्या बहिणीला बघत होतास आणि पुढ्यात त्या बाईला गाडीत कोंबत होते. मग घरी जाऊन तू मला पत्र लिहिलंस, की हे सगळं तुझं पाप. तुला माझ्यासमोर यायचं नव्हतं ना? म्हणून तिला जाऊ दिलंस. मला शिव्या देताना तुझी जीभ कशी चालली? तिला वसतिगृहाच्या फाटकात सोडलं. तिथून तुझी लॉन्ड्री जवळच होती. मी गाडी फिरवून परत आले. तुला बघायची माझी इच्छा नव्हती.

इथे काय झालं तेही ऐक. रंगवाल्याने वाहिनीकडे तक्रार केली. साहेबांनी मला बोलावून घड्याळाला विचारलं की आता काय करायचं. मी म्हटलं, विचारायचा नियम आणा, मी राहते. त्यांनी नियम आणला नाही. 'दार उघडं आहे' आता दुसरा एक मुलगा करतो. नाव तेच, बासरी तीच.

आणि नोकरी गेल्याच्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. तू मरशील, निघून जाशील, काय करायचं ते कर, मी तुझं गुपित आणखी सांभाळणार नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझ्या हातचं पाणीही घेतलं नाही, स्वतः उठून घ्यायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "त्याला एवढंच विचार. बाप तसा होता, ते मला कळतं. मी त्याचं काय केलं होतं?"

मलाही ते जाणून घ्यायचं आहे. उत्तर दे. सुट्टी घेऊ नकोस.

धाकटी


२४ मार्च

भिंगरी,

बॉयलरची खोली खरी आहे. त्यावर मी काही बोलणार नाही, बोललो तर ते सारवासारव होईल. तुझे केस पांढरे झालेत ते मला फटीतून दिसलं. एवढंच त्या दिवसातलं माझ्याकडे आहे, आणि त्याची किंमत बडबडीने भरली. मी वसतिगृहाच्या फाटकाशी जाऊन तिला हे तोंडाने सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं." आणि आत निघून गेली. ती आता तिथल्या धुलाईच्या खोलीत काम करते. माझ्या गठ्ठ्यांची घडी बरोबर नाही म्हणून ते परत पाठवते.

आईने विचारलं म्हणून लिहितो. इतकी वर्षं लिहिणार नव्हतो.

तिने काही केलं नाही. बाबा मला आतल्या खोलीत न्यायचे, तेव्हा ती रेडिओचा आवाज मोठा करायची. एकदा नाही, दर वेळी. खोलीचं दार लागायच्या आधीच आवाज वाढलेला असायचा. म्हणजे तिला आधी कळायचं. बाबांचा पट्टा मला फारसा आठवत नाही. गाणी सगळी पाठ आहेत. तू बाहेर गिरक्या घ्यायचीस, तुझा काही दोष नाही, तुला वाटायचं घरात मजा चाललीय.

हात मोडला त्या दिवशी तिने मला दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांना सांगितलं, जिन्यावरून पडला. आपल्या घराला जिना नव्हता. डॉक्टरांनाही ते माहीत होतं, ते समोरच राहायचे. बरा झाल्यावर मी निघालो.

तू म्हणतेस ती दर सोमवारी चौकीत जायची. त्याआधी एकदा गेली असती तर मी घरात असतो.

हे तिला वाचून दाखव किंवा नको दाखवूस. तुझी मर्जी.

दादा


६ एप्रिल

दादा,

तुझं पत्र मी आधी एकटीने वाचलं. मग खूप वेळ गॅलरीत उभी होते. ती गाणी मलाही पाठ आहेत. माझ्या लहानपणातलं सगळ्यात छान काय असं कोणी विचारलं असतं तर मी तीच सांगितली असती. तू माझ्याकडून तेही काढून घेतलंस, आणि मला तुला दोषही देता येत नाही, याचा मला किती राग आला आहे ते या कागदावर मावणार नाही.

आईला वाचून दाखवायला बसले. रेडिओपाशी आल्यावर मी ओळ सोडली आणि पुढे गेले. मला वाटलं, जमलं. इतकी वर्षं हेच तर काम केलं. तिने हात वर केला. म्हणाली, "मध्ये काहीतरी गाळलंस. तुझा आवाज गुळगुळीत झाला." मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, "कार्यक्रमात गाळायचीस तेव्हाही मला कळायचं. वाच."

मी वाचलं. रेडिओ, जिना, चौकी, सगळं.

ती रडली नाही. मला वाटलं होतं ती म्हणेल, तो काळच तसा होता, मी तरी काय करणार होते. माझ्या ओठांवर उत्तर तयार होतं, मी भांडायलाच बसले होते. ती म्हणाली, "हो. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून." मग म्हणाली, "आणि मला ऐकू येऊ नये म्हणून."

मी तिला विचारलं, मग इतकी वर्षं त्याने तुझं काहीतरी बिघडवलं असल्यासारखी दाराकडे का बघत बसायचीस? माझा आवाज चढला होता, दादा. मी तिच्यावर अशी कधी ओरडले नव्हते. ती म्हणाली, "तो येऊन मला विचारेल म्हणून बघायचे. तू फोटो दाखवला नाहीस त्या दिवशी मला सुटल्यासारखं झालं. ते तुला सांगणार कसं?" आणि उठून आत गेली. आम्ही दोघी एका घरात आहोत आणि एकमेकींकडे बघत नाही. भांडी मात्र दोघी फार जोरात आपटतो.

माझं विचारशील तर साहाय्यक मुलीनेही नोकरी सोडली. आम्ही दोघी 'दार उघडं आहे'ने परत पाठवलेल्या माणसांची घरं गाठतो आहोत. कॅमेरा नाही, काही नाही. वाहिनीतून आलो नाही हे आधी सांगते. काही ठिकाणी लोक खुर्ची देतात, मुलगा खरंच सुखात असतो, आई मला मिठी मारते, आणि मला तिच्या खांद्यावरून त्या मुलाच्या डोळ्यांत बघून खात्री करून घ्यावी लागते. काही ठिकाणी दारातून परत पाठवतात. एका घरात सुनेने मला शिव्या घातल्या, "तेव्हा का नाही विचारलंत?" मी ऐकून घेतल्या. कॅमेरामन रविवारी गाडी देतो आणि गाडीतच झोपतो. यातून कार्यक्रम करा असं तो म्हणाला, तर साहाय्यक मुलीने त्याला गाडीतून उतरवलं.

काल आई माझ्या खोलीत आली. दारात उभी राहूनच म्हणाली, "त्याला लिही, मला त्याच्यासमोर उभं राहायचं आहे. माफी मागायला नाही. त्याला जे म्हणायचं आहे ते तोंडावर म्हणता यावं म्हणून. पण आधी विचार. तो नको म्हणाला तर मी यायची नाही, आणि तूही त्याला गळ घालायची नाहीस."

म्हणून विचारते आहे. आईने यावं का?

तिने बॅग भरलेली नाही. उत्तर येईपर्यंत भरायची नाही असं तिने स्वतःच ठरवलंय, आणि मी कपाट उघडलं तरी ती रागावते. तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही, तिच्यावरचा तर आत्ता कुठे सुरू झालाय, तेव्हा तू माझा विचार करून काही ठरवू नकोस. हो असेल तर हो लिही, नाही असेल तर नाही. जे लिहिशील ते मी तिला जसंच्या तसं वाचून दाखवीन.

भिंगरी